पायाचा कागद

कोल्हापुरात चप्पल लाईनला माझ्या मामाचं दुकान आहे. जेमतेम दहा फूट रुंद, आजोबांनी घातलेलं. गिऱ्हाईक पायरी चढतं न चढतं तोच मामा त्याच्या पायांकडं बघतो, तोंडाकडं नंतर. "आठ नको, सात काढ. अंगठा जरा सैल बघ," असं आत ओरडून सांगतो. गिऱ्हाईक कुरकुरतं, मी कायम आठच घालतो म्हणतं. मग सात नंबर घालून चार पावलं चालतं आणि मुकाट्यानं पाकीट काढतं.

मामेबहिणीनं दुकान ऑनलाइन नेलं, तेव्हा चपलांचे प्रकार सगळे गेले: कापशी गेली, बक्कलनाळी गेली, पायताण गेलं. मामाचे डोळे मात्र गल्ल्यावरच राहिले.

सुरुवात तिनं एका मोठ्या संकेतस्थळावर केली. फोटो सुरेख, खाली साइजचा तक्ता. पहिल्या महिन्यात घरात विकलेल्या जोडांपेक्षा परत आलेल्या जोडांचीच चर्चा जास्त. परत येण्याचं एक कारण मामाला सांगून सांगून पाठ झालंय. नवी कोल्हापुरी पायाला घट्टच बसली पाहिजे. घालून घालून चामडं ढिलं होतं. पहिल्या दिवशी ऐसपैस वाटलेली चप्पल पुढं फटाफट वाजत निघते. दुकानात हे तोंडी सांगता येतं, "चार दिस चावंल, मग तुमचीच" म्हणता येतं. पडद्यावर गिऱ्हाईक 'लहान आहे' एवढं लिहून पार्सल परत करतं. तोवर घरात दोन दिवस घातलेल्या चपलेवर पायाचा ठसा उमटलेला असतो. तो जोड नवा म्हणून कुणाला विकणार?

शिवाय पैसे दारात देणारी गिऱ्हाइकं. दार उघडलंच नाही की पार्सल उलट पावली, आणि हिशेबाच्या रकान्यात 'आरटीओ', म्हणजे 'रिटर्न टू ओरिजिन'. मामा पहिल्यांदा दचकलाच. "आरं, आपली गाडी कुठं धरली?"

एकदा एक जोड 'सदोष, आवाज करते' असा शेरा घेऊन आला. करकर वाजणारी चप्पल! ती करकर यावी म्हणून वेगळं सांगून घेणारी माणसं आमच्या पायरीवर बसलेली मी लहानपणापासून बघितलीत. बहिणीनं तो जोड घालून चालतानाचा व्हिडिओ टाकला, आवाजासकट. जोड संध्याकाळपर्यंत गेला. पावसाळ्यातला धडा महागात पडला. प्लास्टिकमध्ये आवळून पाठवलेल्या चपला कोकणात पोचेपर्यंत बुरशीनं पांढऱ्या झाल्या. मामा जन्मभर वर्तमानपत्रात का गुंडाळत होता, ते तेव्हा कळलं.

आता तिचं स्वतःचं संकेतस्थळ आहे, पण खरं काम व्हॉट्सॲपवर चालतं. ऑर्डर आली की ती गिऱ्हाइकाला पायाचा कागद मागते. संध्याकाळी काढायचा, कारण दिवसभरात पाय थोडा फुगतो. पेन्सिल उभी धरायची, दोन्ही पाय काढायचे, शेजारी पट्टी ठेवून फोटो. बोटांच्या मागं, पाय जिथं सगळ्यात रुंद असतो तिथला घेर वेगळा. ही युक्ती तिला नवी वाटली होती. मग मामानं माळ्यावरून आजोबांची लांबट वही काढली. आत खेड्यापाड्यांतल्या गिऱ्हाइकांचे पाय, शिसपेन्सिलीनं काढलेले, प्रत्येकाखाली गावाचं नाव.

मापाचा जोड कोल्हापुरातल्याच सुभाषनगरात बनतो. तळ ठोकून, चामड्याच्या वादीनं शिवून, खिळ्याविना. वेणी बायका घालतात. मोठ्या संकेतस्थळाला माल त्याच दिवशी निघायला हवा असायचा. इथं तिनं 'आठ-दहा दिवस लागतील' असं ठळक लिहून टाकलंय. माझ्या मते दुकान त्या एका ओळीनं वाचवलं. २०१९ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटकातल्या आठ जिल्ह्यांच्या या चपलेला भौगोलिक मानांकन मिळालं, तेव्हा गल्लीत पेढे वाटले, धंदा होता तिथंच राहिला. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या मंचावर प्राडा या फॅशन कंपनीनं तसल्याच चपला कोल्हापूरचं नाव न घेता दाखवल्या, बोभाटा झाला, आणि त्या आठवड्यात बहिणीचा फोन खाली ठेवायला उसंत नव्हती. हजारावरच्या जोडाला तेव्हा १८ टक्के जीएसटी होता. सप्टेंबरात अडीच हजारांपर्यंत तो ५ टक्क्यांवर आला, म्हणून मापाच्या जोडाचा भाव जरा सुसह्य झाला.

परवा गेलो तेव्हा मामा चष्मा कपाळावर सारून छापलेले कागद चाळत होता. पुण्याचा एक पाय त्यानं बाजूला काढला.

"हे परत मागव."

"आप्पा, मापं सगळी आलीत की. पैसेबी आलेत."

"बसून काढलाय. टाच बघ, भारच न्हाई तिच्यावर. उभं ऱ्हाऊन काढाय सांग."

बहिणीनं कागद उजेडात धरला, उलटसुलट बघितला, आणि फोन उचलून टाइप करायला लागली.