गटाची वही आणि सातबारा

३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे किल्लारीचा भूकंप झाला आणि लातूर-उस्मानाबाद भागातली हजारो घरे बांधायचे, डागडुजी करायचे काम समोर उभे राहिले. पैसा जागतिक बँकेचा, आराखडे अभियंत्यांचे. पण भिंत मजबूत कशी करायची, अनुदानाचा हप्ता केव्हा मिळतो, हे गावात सांगणार कोण? प्रेमा गोपालन यांच्या स्वयं शिक्षण प्रयोग या संस्थेने त्यासाठी गावातल्याच बायकांना तयार केले. त्यांना संवाद सहायक म्हणत. सिमेंटचे प्रमाण विचारणाऱ्या, रखडलेल्या हप्त्यासाठी कचेरीत जाऊन बसणाऱ्या या बायकांच्या आधारानेच पुढे त्या पट्ट्यात बचतगट रुजले. मराठवाड्यातल्या महिला संघटनाचा आढावा घेताना मला हा प्रसंग फार मोलाचा वाटतो, कारण इथे बाईच्या हाती कर्जाच्या आधी अधिकार आला होता.

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात चित्र निराळे आहे. कपाशी आणि मका जवळपास सगळीकडे. त्यात सिल्लोडची मिरची, कन्नड-खुलताबादचे आले, पैठणची मोसंबी. पैठणला जायकवाडीचे धरण आहे, तरी जिल्ह्यातल्या कितीतरी गावांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. वाळूज, चिकलठाणा, शेंद्र्याच्या कंपन्यांत घरातला तरणा मुलगा जातो आणि खुरपणी, कापूस वेचणी, जनावरांचे शेण-पाणी बाईकडे उरते.

या बाईपर्यंत गट आला तो बहुतांशी सरकारी वाटेने. महिला आर्थिक विकास महामंडळ, म्हणजे माविम, २४ फेब्रुवारी १९७५ रोजी स्थापन झाले. २०११पासून उमेद अभियानाने गट, त्यांचा ग्रामसंघ, त्यावर प्रभागसंघ अशी साखळी बांधली. जिल्ह्यात स्वयंसेवी कामही मोठे आहे, डॉ. हेडगेवार रुग्णालयाच्या परिवारातल्या सावित्रीबाई फुले महिला एकात्म समाज मंडळाने वस्त्यांत आणि खेड्यांत ते केले. गटाचे आतले व्यवहार साधेच. दहा-बारा जणी ठरल्या दिवशी बसतात, बचत भरतात, इतिवृत्त लिहितात आणि साठलेल्या पैशातून एकमेकींना अंतर्गत कर्ज देतात. शेकड्याला महिना दोन रुपये व्याज बऱ्याच गटांत असते. ऐकायला ते जड वाटेल, पण ते व्याज सावकाराच्या घरी न जाता गटाच्याच पेटीत परत येते. लेकीचे बाळंतपण, बियाण्याची पिशवी, दवाखाना अशा अडीनडीला कोणापुढे हात पसरावा लागत नाही. नियमित बैठक, बचत, कर्जव्यवहार, परतफेड आणि हिशेब या पंचसूत्रीला आरोग्य, शिक्षण, पंचायतीतला सहभाग वगैरे जोडून दशसूत्री झाली, ती गटातल्या बायकांना तोंडपाठ असते.

इथे एक गोष्ट स्पष्ट सांगितली पाहिजे. खासगी मायक्रोफायनान्स कंपन्याही बायकांना गोळा करून कर्ज देतात आणि गावात त्यालाही गटच म्हणतात. तिथे आधी बचत नसते, एकमेकींना द्यायचा स्वतःचा निधी नसतो. असतो फक्त हप्ता आणि एकीचा चुकला तर बाकीच्यांवर येणारा दबाव. एकाचा हप्ता भरायला दुसऱ्याचे कर्ज काढण्याचा हा फास २०१०मध्ये आंध्र प्रदेशात एवढा आवळला, की तिथल्या सरकारला कायदा करावा लागला. वसुली उत्तम म्हणजे बाई सक्षम झाली, असे मानणे म्हणूनच मला धोक्याचे वाटते.

बाई कर्ज फेडते, हे आता सिद्ध करून दाखवायची गरज उरलेली नाही. अडते ते जमिनीपाशी. पीककर्ज, पीकविमा, पीएम किसानचा हप्ता, सगळीकडे सातबारा मागतात. २००२च्या कंपनी कायद्यातल्या दुरुस्तीनंतर शेतकरी उत्पादक कंपन्या निघू लागल्या. त्यांचे सभासद व्हायलाही बहुतेक ठिकाणी तोच कागद लागतो. २०१५-१६च्या कृषिगणनेत देशातल्या खातेदारांमध्ये बायका शंभरात चौदाच्या आसपास होत्या. शेळीपालन, कुक्कुटपालन, दूध, पापड-मसाले यांकडे गट वळतात, त्यामागे आवडीइतकेच हेही कारण आहे, की या धंद्यांना सातबारा लागत नाही. ते धंदे चांगलेच आहेत. पण बाई ज्या शेतात वर्षभर राबते, तिथे तिची नोंद मजूर म्हणूनही होत नाही, हे कसे चालवून घ्यायचे?

या प्रश्नाला महाराष्ट्राने उत्तरे शोधलेली आहेत. नोव्हेंबर १९८६मध्ये चांदवडला शेतकरी महिलांचे अधिवेशन झाले आणि पुढे शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली. ती ऐकून अनेक शेतकऱ्यांनी आपल्या जमिनीचा तुकडा बायकोच्या नावे केला. १९९४मध्ये राज्याने महिला धोरण आणले आणि वडिलोपार्जित मालमत्तेत मुलींना वाटा देणारी दुरुस्तीही केली. स्वयं शिक्षण प्रयोगाने लातूर-उस्मानाबादच्या दुष्काळी टापूत एक एकराची शेती रुजवली: घरच्यांना राजी करून बाईने अर्धा-एक एकर स्वतःच्या हाती घ्यायचा आणि त्यात कमी पाण्यावरची ज्वारी-बाजरी, डाळी, भाजीपाला पिकवायचा. सोयाबीन-ऊस बुडाला तरी घरात खायला राहते. या कामाला २०१६मध्ये संयुक्त राष्ट्रांचे इक्वेटर पारितोषिक मिळाले. मात्र ही जमीन बहुधा कसायला मिळते, नावावर होत नाही. नवऱ्याचे मन फिरले तर तो एकर परत जातो.

म्हणून पुढचे काम तलाठी कचेरीत आहे. फेरफाराचा अर्ज कसा भरायचा, वारसनोंद कशी करायची, सासरा गेल्यावर विधवा सुनेचे नाव राहून गेले तर कुठे जायचे, हे शिकवायला ग्रामसंघाइतकी योग्य जागा दुसरी नाही. गटांना मार्गदर्शन करणारी गावातलीच सीआरपी ताई घरोघर जातेच, बँकेच्या कामात मदत करणारी बँक सखी कागद लावून देतेच. प्रभागसंघाच्या मासिक अहवालात बचत, कर्ज आणि परतफेडीच्या रकान्यांशेजारी आणखी एक रकाना आखावा: या महिन्यात किती जणींचे नाव सातबाऱ्यावर लागले. सिल्लोड आणि पैठणच्या प्रभागसंघांनी येत्या खरिपापासून ही सुरुवात करावी, अशी माझी कळकळीची विनंती आहे.