पेल्यातलं न मोजलेलं पाणी

न्यू यॉर्क राज्यातल्या हडसन गावी निघणाऱ्या ‘द बॅलन्स अँड कोलंबियन रिपॉझिटरी’ या वृत्तपत्राला मे १८०६मध्ये एका वाचकाने विचारलं, की हे कॉकटेल म्हणजे असतं तरी काय? १३ मेच्या अंकात संपादकाने दिलेलं उत्तर ही कॉकटेलची पहिली छापील व्याख्या मानली जाते. तीत चार गोष्टी होत्या : कुठलंही कडक मद्य, साखर, पाणी आणि बिटर्स, म्हणजे कडवट अर्क. पुढच्या दोनशे वर्षांत यातल्या तिघांवर भरभरून लिहिलं गेलं. मद्याचे तर पंथच झाले. बिटर्सच्या इवल्या बाटल्या जमवणारे हौशी पुण्या-मुंबईतही सापडतात. पाण्याचं नाव मात्र कृतींमधून गळालं आणि ते गळाल्याचं फारसं कुणाला जाणवलं नाही. घरी केलेलं कॉकटेल फसलं की माणूस बाटलीला दोष देतो, परदेशातून आणलेल्या लिकरची वाट पाहतो, नाही तर शेकर विकत आणतो. बहुतेक वेळा दोष न मोजलेल्या पाण्याचा असतो. गाजलेली जुनी कृती म्हणजे पाण्यासकट जमून आलेलं एक प्रमाण असतं, आणि नवं कॉकटेल सुचतं तेही ते प्रमाण हातात असलेल्यालाच, असं या लेखाचं म्हणणं आहे.

पाणी नाहीसं कसं झालं हे पाहायला कॉकटेलच्या आधीच्या पेयाकडे, पंचकडे जावं लागतं, आणि ती वाट आपल्याच किनाऱ्यावरून जाते. पंचचा सर्वांत जुना माहीत असलेला लेखी उल्लेख १६३२चा आहे. ईस्ट इंडिया कंपनीच्या हिंदुस्थानातल्या एका माणसाने दुसऱ्याला लिहिलेल्या पत्रात तो येतो. १६३८मध्ये मांडेल्सलो नावाचा तरुण जर्मन प्रवासी सुरतेला उतरला. तिथल्या इंग्रज वखारीतल्या पेयाचं त्याने केलेलं वर्णन म्हणजे मद्य, गुलाबपाणी, लिंबाच्या जातीतल्या फळाचा रस आणि साखर. मद्य बहुधा अरक. माडाच्या ताडीपासून गाळलेला गोव्याचा अरक पुढे लंडनच्या पंचगृहांपर्यंत पोचला. म्हणजे कडक, आंबट, गोड आणि थोडं सुगंधी ही चौकट अमेरिकेत कॉकटेल हा शब्द छापला जाण्याच्या पावणेदोनशे वर्षं आधी या बंदरांत उभी होती. त्या काळी इथे बर्फ नव्हता. पंच पातळ करायचा तर हाताने पाणी ओतावं लागे, म्हणून ते साखरेइतकंच डोळ्यांसमोर असे. मग बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने न्यू इंग्लंडच्या तळ्यांतला बर्फ कापून जहाजांनी जगभर विकायला सुरुवात केली. १८३३मध्ये तो बर्फ कलकत्त्याला उतरला, पुढच्या वर्षी मुंबईला. खुद्द अमेरिकेत तर बर्फ बारमधली रोजची वस्तू झाला. जेरी थॉमसचं १८६२चं पुस्तक हे तिथलं पहिलं छापील बारपुस्तक. त्यातल्या अनेक कृतींत पाण्याचं माप अजून वेगळं दिलेलं आहे. पुढे शेकर रुळला, पाणी बर्फाच्या पोटातून येऊ लागलं आणि कृतीतला त्याचा रकाना रिकामा झाला. पाणी होतं तेवढंच राहिलं, फक्त ते कुणी ओतेनासं झालं.

बर्फ नेमकं काय करतो ते समजलं की निम्मी लढाई संपते. शून्य अंशाचा एक ग्रॅम बर्फ वितळताना सुमारे ३३४ ज्यूल उष्णता ओढून घेतो. फ्रीजरमधला उणे १८ अंशाचा बर्फ शून्यापर्यंत तापताना जेमतेम ३८ ज्यूल घेतो, म्हणजे नवव्या हिश्श्याच्या आसपास. पेय गार होतं ते बर्फ थंड असतो म्हणून कमी आणि तो वितळतो म्हणून जास्त. वितळल्याशिवाय गारवा नाही आणि वितळला की पाणी आलंच. अमेरिकेतल्या डेव्ह अर्नल्ड यांनी ‘लिक्विड इंटेलिजन्स’ या २०१४च्या पुस्तकात प्रयोग करून हेच दाखवलं. शिवाय मद्यामुळे मिश्रणाचा गोठणबिंदू खाली जातो, म्हणून हलवलेलं पेय शून्याच्याही खाली, उणे ५ अंशांच्या पुढे उतरतं. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फावर खडेमीठ टाकतात त्यामागेही हेच आहे. शेकर दहा-बारा सेकंद जोरात हलवला की तापमान आणि पाणी दोन्ही बरेचसे स्थिरावतात. त्यापुढचं हलवणं पाहुण्यांसाठी.

आता हिशेब मांडू. क्यूबातल्या दाइकिरी गावाचं नाव घेतलेली डायकिरी घ्या : ६० मिलिलिटर पांढरी रम, २२.५ लिंबाचा रस, २२.५ साखरेचा पाक. भारतीय बाटलीवर छापलेली ४२.८ टक्के तीव्रता धरली तर या १०५ मिलिलिटर मिश्रणात मद्यार्क साडेचोवीस टक्के भरतो. हे कोमट मिश्रण जिभेवर ठेवून पाहावं. लिंबू चावतं, पाक चिकटतो, रम घशाला लागते, तिघं तीन दिशांना. नीट हलवल्यावर यात साधारण ५० मिलिलिटर पाणी मिसळतं. पेला १५५ मिलिलिटरचा होतो, मद्यार्क साडेसोळावर येतो आणि तेच तिघं एकत्र बोलू लागतात. पेल्याचा तिसरा हिस्सा पाणी आहे, आणि ते कृतीत कुठेच लिहिलेलं नाही. घरी घोळ होतो तो इथे. दुकानातून आणलेली बर्फाची पिशवी बादलीत तासभर पडून असते. तिच्यातल्या ओल्या खड्यांवरचं पाणी गारवा न देता पेयात उतरतं आणि कॉकटेल पांचट होतं. उलट ‘बर्फाने पातळ होतं’ या भीतीने कुणी दोनच खडे टाकतो. ते चटकन वितळतात आणि पेय ना गार होतं ना मुरतं. उपाय फुकट आहे. ट्रेमधला कोरडा बर्फ आयत्या वेळी काढावा, भरपूर घ्यावा, स्टीलचा घट्ट झाकणाचा डबा किंवा मुरांब्याची बरणी वापरावी आणि डब्याला बाहेरून धुकं धरलं की गाळावं. मापाला खोकल्याच्या औषधाच्या बाटलीवरचं खुणांचं टोपण पुरतं.

यावर आपल्याकडून येणारा पहिला आक्षेप पाण्याबद्दलच्या संशयाचा असतो. मद्यात पाणी म्हणजे बारवाल्याने गंडवलं, असं मानायला आपण शिकलो आहोत, आणि गंमत म्हणजे तोच माणूस व्हिस्कीच्या लार्ज पेगमध्ये दुप्पट-तिप्पट पाणी स्वतःच्या हाताने ओततो. तो पाणी ओततो कारण त्याने ते चाखून ठरवलेलं असतं. कॉकटेलमध्येही तेवढीच मोकळीक घ्यायची आहे. दुसरा आक्षेप अंदाजाचा. आमटीत मीठ कुणी मोजून घालतं का? मराठी स्वयंपाक अंदाजावर चालतो आणि उत्तम चालतो. पण आमटी उकळत असताना चाखता येते, सुधारता येते, आणि ती ज्या तापमानाला चाखतो साधारण त्याच तापमानाला वाढतो. कॉकटेलचं तसं नाही. थंडीने गोडी दबते, म्हणून डब्यात चाखताना नेमकं वाटणारं मिश्रण पेल्यात आंबट लागतं. तोवर बर्फाने आपलं काम केलेलं असतं आणि हलवलेलं पेय पुन्हा मागे नेता येत नाही. अंदाजाला इथे एकच जागा आहे, आणि ती मोठी आहे : लिंबू. आपलं कागदी लिंबू आणि अमेरिकन बाजारातलं मोठं, बिनबियांचं लाइम ही दोन वेगळी फळं. कागदी लहान, बियांचं, वासाला तीव्र. जुन्या कॅरिबियन पेयांतलं लिंबूही हेच. इंग्रजी पुस्तकातलं माप आपल्या लिंबाला तंतोतंत लागू पडेल ही अपेक्षा चूक, आणि चैत्रातलं लिंबू श्रावणातल्यासारखं असेल हीसुद्धा. म्हणून मद्य, पाक आणि बर्फ मापाने, लिंबू जिभेने. पाक म्हणजे वजनाने समभाग साखर-पाणी, साखर विरघळेपर्यंतच. एकतारी करायला गेलात तर सगळं गणित बदललं.

मापाने वागलं तर नवं काय सुचणार, हा तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. त्याला उत्तर इतिहास देतो. डेव्हिड एम्बरी या अमेरिकन वकिलाने १९४८मध्ये ‘द फाइन आर्ट ऑफ मिक्सिंग ड्रिंक्स’ लिहिलं. हा माणूस कधी बारमागे नोकरीला नव्हता, घरचा हौशी होता, आणि आजही धंद्यातले लोक त्याचं पुस्तक काढून पाहतात. त्याने शेकडो पेयं गोळा करण्याऐवजी सहा मूळ पेयं निवडली आणि बाकीची त्यांची भावंडं ठरवली. आंबट पेयांसाठी मद्य ८, आंबट २, गोड १ हे त्याचं प्रमाण आजच्या जिभेला फारच कडक लागतं. पण ते आज चुकीचं वाटतं हेसुद्धा, त्याने आकडे लिहून ठेवले म्हणूनच सांगता येतं. न्यू यॉर्कच्या ‘मिल्क अँड हनी’ बारमधलं उदाहरण आणखी बोलकं आहे. व्हिस्की सावर म्हणजे व्हिस्की, लिंबू, साखर. त्यातली साखर काढून मध घातला, ‘गोल्ड रश’ झालं. २००५च्या सुमारास सॅम रॉस यांनी त्यातली बर्बन काढून स्कॉच घेतली, मधात आलं मिसळलं, वर धुरकट आयला व्हिस्कीची साय सोडली आणि ‘पेनिसिलिन’ तयार झालं. या शतकात जगभर पोचलेल्या मोजक्या नव्या कॉकटेलांपैकी ते एक. आकाशातून काहीच पडलं नाही. प्रत्येक पायरीला मोजकेच अवयव बदलले आणि उरलेली चौकट, पाण्यासकट, जागच्या जागी राहिली. सगळं एकदम बदललं असतं तर कशाने काय झालं हे कळायची सोयच नव्हती. घरच्या हौशीने उत्साहात एका पेल्यात जिन, कैरी, तुळस, सिचुआन मिरी आणि ट्रिपल सेक घालणं याला नवनिर्मिती म्हणायला माझी तयारी नाही. ती सरमिसळ आहे.

ही चौकट परकी, मग आपल्या चवींनी तिच्यात का मावावं, असंही कुणी म्हणेल. सुरतेच्या वखारीनंतर तो प्रश्न तसा लटका पडतो, पण गोव्यात त्याला ताजं उत्तरही आहे. उन्हाळ्यात काजूच्या बोंडांच्या रसाचं पहिलं गाळप, उर्राक, तिथे लिम्का, लिंबू, मीठ आणि चिरलेल्या हिरव्या मिरचीबरोबर पितात. ही लांब पेल्यातली सावरच आहे, कुणी बारपुस्तक न वाचता जमलेली. उर्राकपेक्षा कडक असलेल्या काजू फेणीला २००९मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. तिला डायकिरीच्या चौकटीत बसवायचं तर पहिली अडचण वासाची. ६० मिलिलिटर फेणी बाकी सगळ्यांना गप्प करते, म्हणून निम्मी फेणी आणि निम्मी पांढरी रम घ्यावी. मग साखरेऐवजी गूळ. समभाग गूळ-पाणी कोमट करून फडक्यातून गाळलं की पाक होतो, पण गुळाची गोडी साखरेहून किंचित कमी आणि मागे जराशी खारट, तेव्हा माप थोडं वाढवावं लागतं. फेणी निम्मी केल्याने तिचा उग्रपणा बसतो आणि गूळ तिच्या काजूच्या वासाला धरून राहतो. कोकमाची गोष्ट याहून अवघड. आगळ लिंबाच्या जागी घालायचा मोह होतो, पण आगळात मीठ असतं आणि २२ मिलिलिटर आगळ म्हणजे पेल्यात सोलकढी. सरबताचा कोकम पाक घेतला तर तो एकाच वेळी आंबट आणि गोड अशा दोन जागा अडवतो. मग साखर पूर्ण काढावी, लिंबू १५ मिलिलिटरवर आणावं, जिन ६० आणि कोकमाचा पाक २० पासून सुरुवात करावी. लिंबू अजिबात काढू नये, कारण कोकमात आंबटपणा असला तरी सालीचा तो उडता वास नसतो.

शेवटचा आक्षेप पिण्यावरचाच आहे, आणि तो झटकण्यासारखा नाही. महाराष्ट्रात १९४९चा दारूबंदी कायदा नाव बदलून अजून लागू आहे. परवान्याशिवाय पिणं कागदोपत्री गुन्हा आणि कडक मद्यासाठी वयाची अट २५ वर्षांची. गोड-आंबट पेयात मद्य लपतं, हेही खरं. ६० मिलिलिटर रममध्ये सुमारे २० ग्रॅम शुद्ध मद्यार्क असतो, तो लिंबू-साखरेने कमी होत नाही. बाटलीतून डोळ्यांनी ओतलेला ‘साठ’ सहज ८० भरतो, आणि दोन पेल्यांत ४० मिलिलिटर हिशेबाबाहेर गेलेले असतात. मोजण्याची सवय निदान हा आकडा समोर ठेवते. नवीन कृती शोधताना तर पेलाभर करून पाहायची गरजच नाही. डायकिरीचा सहावा हिस्सा म्हणजे १० मिलिलिटर रम, पावणेचार लिंबू, पावणेचार पाक. लहान मुलांना औषध पाजायच्या सिरिंजने हे अचूक घेता येतं. बर्फाऐवजी फ्रीजमधलं थंड पाणी ८ मिलिलिटर घालावं. ते बर्फाइतकं गार होत नाही, चव जरा गोडीकडे झुकते, तेवढं मनात धरायचं. मग एका वाटीत साखर, दुसरीत गूळ, तिसरीत कोकम, चौथीत पाणी ६, पाचवीत १०, सहावीत लिंबू थोडं जास्त. सहाही वाट्या मिळून रम लागते ६० मिलिलिटर, आणि चार जण चाखायला बसले तर प्रत्येकाच्या वाट्याला येते १५.