न कोरता वाचलेली दाढ

मुलांच्या दंतवैद्यकात नवे काय, असे विचारले की बहुतेकांच्या डोळ्यांपुढे लेझर, डिजिटल क्ष-किरण आणि छताला टीव्ही टांगलेला रंगीत दवाखाना येतो. ही सगळी सोय उपयोगाची आहे, पण मोठा बदल झाला तो विचारात. दाढेतली कीड शेवटच्या कणापर्यंत कोरून काढायची आणि मग खड्डा भरायचा, हा पिढ्यान् पिढ्या पाळलेला नियम मुलांच्या बाबतीत गेल्या दोन-तीन दशकांत मोडीत निघाला, आणि तोही पुराव्याने. आज सर्वांत आधुनिक म्हणावेत असे उपचार बहुधा दाताला सर्वांत कमी हात लावणारे आहेत. याचा सरळ अर्थ असा की मुलांच्या दातांचा बराचसा निकाल दवाखान्याची पायरी चढण्याआधी घरात आणि अंगणवाडीत लागलेला असतो. आपली दंतसेवा आणि आपण पालक मात्र अजून ड्रिलभोवतीच घुटमळतो आहोत.

दातावरच्या थरातले जंतू साखर आणि पिष्ट पचवून आम्ल तयार करतात. तिथला सामू साधारण ५.५ च्या खाली गेला की दाताच्या आवरणातली खनिजे विरघळू लागतात. पुढच्या अर्ध्या-एक तासात लाळ ते आम्ल निवळवते आणि खनिजे काही प्रमाणात परत बसतात. दिवसभर ही ये-जा चालू असते. म्हणून गोड किती खाल्ले यापेक्षा किती वेळा खाल्ले आणि ते दाताला किती वेळ चिकटून राहिले, याला महत्त्व येते. स्वीडनमधल्या व्हिपेहोल्म येथे, बौद्धिक अक्षमता असलेल्यांच्या संस्थेत, १९४५ पासून काही वर्षे रुग्णांना मुद्दाम चिकट टॉफी चारून हे दाखवण्यात आले. प्रयोग निंद्यच होता आणि त्याचा निष्कर्ष मात्र आजही टिकून आहे. वैद्यकाच्या इतिहासातली ही एक अवघड जागा. त्या हिशेबाने दिवाळीचा लाडू जेवणाबरोबर खाल्ला तर फारसा गुन्हेगार ठरत नाही. गुन्हेगार ठरते ते दर तासाला हातात ठेवलेले बिस्किट आणि झोपताना तोंडात दिलेली साखर घातलेल्या दुधाची बाटली. झोपेत लाळ कमी सुटते आणि वरचे पुढचे दात दुधात भिजत राहतात. खालच्या दातांवर जीभ येते म्हणून ते सहसा वाचतात. दीड-दोन वर्षांच्या मुलाचे वरचे चार दात तपकिरी आणि खालचे पांढरेशुभ्र दिसले, की डॉक्टरांचा पहिला प्रश्न बाटलीचा असतो.

कीड ही अशी चालू-बंद होणारी प्रक्रिया असेल, तर तिचे खाणे तोडले की ती थांबली पाहिजे. स्कॉटलंडमधल्या नॉर्ना हॉल या दंतवैद्य नेमके हेच करत. किडलेली दुधाची दाढ त्या कोरत नसत, भूल देत नसत. पोलादी टोपीत सिमेंट भरून ती दाढेवर दाबून बसवत. कीड आतच राही, पण जंतूंची रसद बंद पडे. सहकाऱ्यांना हे धडधडीत चुकीचे वाटले, यात नवल नाही. मग टेसाइड भागातल्या १३२ मुलांवर चाचणी झाली: प्रत्येकाच्या एका दाढेला टोपी, दुसऱ्या दाढेवर नेहमीचा उपचार. पाच वर्षांनी गळू, वेदना यांसारखे मोठे अपयश टोपीखालच्या दाढांत सुमारे ३ टक्के होते, नेहमीच्या उपचारांत १६ टक्क्यांच्या वर. कीड नसेपर्यंत पोचलेली असेल, सूज आली असेल, तर मात्र ही टोपी चालत नाही. तिथे नसेवरचा उपचार किंवा दाढ काढणे हेच मार्ग उरतात.

सिल्व्हर डायमाइन फ्लोराइडची गोष्टही अशीच. जपानमध्ये १९७० च्या सुमारास मान्य झालेले हे औषध किडीवर थेंबभर लावले की चांदी जंतू मारते आणि फ्लोराइड दात कठीण करते. जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये ते, दात भरायचे ग्लास आयनोमर सिमेंट आणि फ्लोराइड पेस्ट अत्यावश्यक औषधांच्या यादीत घेतले. आक्षेप एकच, पण खरा: किडलेली जागा कायमची काळी पडते. मागच्या दाढेत ते कोण पाहतो? पुढच्या दातांबाबत पालकांना आधी स्पष्ट सांगून निर्णय त्यांच्यावर सोडणे योग्य. पूर्ण भूल देऊन दोन वर्षांच्या मुलाचे दात दुरुस्त करण्याशी तुलना केली, तर काळा डाग अनेकांना स्वस्त वाटतो.

‘पडणारेच आहेत ना ते?’ हा आपल्याकडचा हुकमी प्रश्न. पुढचे दात सहा-सात वर्षांपासून पडू लागतात हे खरे. पण दुधाच्या दाढा दहा-बारा वर्षांपर्यंत कामावर असतात. त्या लवकर गेल्या की शेजारचे दात सरकतात आणि खालून येणाऱ्या कायमच्या दाताची जागा अडते. त्यातच सहाव्या वर्षी, कुठलाही दात न पडता, सर्वांत मागे पहिली कायमची दाढ येते. घरात तिला दुधाचीच समजतात आणि किडू देतात.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. ब्रिटनमध्ये ३ ते ७ वर्षांच्या, कीड आधीच लागलेल्या हजाराहून अधिक मुलांवर झालेल्या आणि २०२० मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘फिक्शन’ चाचणीत नेहमीचे भरणे, कीड आत बंद करणे आणि केवळ प्रतिबंधक काळजी या तिन्हींत वेदना आणि संसर्गाच्या बाबतीत लक्षणीय फरक आढळला नाही. मग टोपीचे कौतुक कशासाठी? मला या निकालातून वेगळेच दिसते. तिन्ही गटांत दुखणे वा संसर्ग भोगलेली मुले बरीच होती. म्हणजे कीड लागून गेल्यावर कोणताही मार्ग धरला तरी उशीरच झालेला असतो. उपचार बेताचा ठेवावा, आणि खरी ताकद पहिल्या दातापासून लावावी.

ती ताकद म्हणजे मुख्यतः फ्लोराइडची पेस्ट: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, पुढे वाटाण्याएवढी, दिवसातून दोनदा, मोठ्यांच्या हाताने, नंतर थुंकायचे, खळखळून चूळ भरायची नाही. मुलांची म्हणून विकल्या जाणाऱ्या काही पेस्टमध्ये फ्लोराइड नसतेच, तेव्हा वेष्टन वाचावे. इथे यवतमाळ आणि चंद्रपूरची आठवण करून देणारे चूक नाहीत. तिथल्या काही गावांच्या विहिरी-बोअरवेलमध्ये फ्लोराइड जास्त आहे आणि त्याने दात, हाडे बिघडतात. अशा गावात आधी पाण्याची तपासणी आणि शुद्ध पाणी, मग पेस्टचा विचार. पण दिवसभर पोटात जाणारे पाणी आणि दाण्याएवढी, थुंकून टाकायची पेस्ट यांची मात्रा एक नव्हे. नद्या-तलावांचे पाणी पिणाऱ्या शहरांनी विदर्भाच्या विहिरींची भीती घरात आणायचे कारण नाही.

घरावरच सगळे सोपवले तर ज्या घरात ब्रशलाच पैसे नाहीत तिथली मुले सुटतात. स्कॉटलंडने ‘चाइल्डस्माइल’ योजनेत बालवाड्यांमध्ये रोज देखरेखीखाली ब्रश करायला लावले. पाण्यात फ्लोराइड न मिसळणाऱ्या त्या देशात शाळेच्या पहिल्या वर्गातली उघड कीड नसलेली मुले २००३ मध्ये ४५ टक्के होती. २०१८ पर्यंत ती ७० टक्क्यांच्या वर गेली. श्रेय एकट्या ब्रशला देता येणार नाही, पण दवाखान्यांवरचा खर्चही घटला, हे सरकारी तिजोऱ्यांना कळणारे गणित आहे.

आपल्याकडे यंत्रणा अजिबात नाही असे नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम फेब्रुवारी २०१३ मध्ये पालघरमधून सुरू झाला आणि त्याच्या तपासणीच्या यादीत दातांची कीडही आहे. पण तपासणी म्हणजे कीड लागल्यावर नोंद. अडचण पैशांच्या रचनेतही आहे: खासगी दवाखान्यात फी मिळते ती भरण्याची, टोपीची, रूट कॅनालची, वीस मिनिटे बसून बाटली सोडवण्याचा सल्ला देण्याची नाही. आणि काहीच न कोरता परत पाठवले, तर पालकालाही फसवल्यासारखे वाटते. अंगणवाडीत पोषण आहारानंतर दोन मिनिटांचा ब्रश बसवायला दंतवैद्य लागत नाही. नाव लिहिलेले ब्रश, ते वेगवेगळे टांगायला जागा, पेस्टचा नियमित पुरवठा आणि सेविकेच्या आधीच लांबलेल्या कामाच्या यादीत या कामाचा वेगळा मोबदला, एवढे लागते.