बाकं बाहेर, सतरंज्या आत

मिस्त्री थापीच्या दांड्यानं भिंत ठोकत पुढं सरकतोय. टक, टक, टक, आणि मग एकदम बद्द आवाज. "हितं पोकळ हाये," म्हणत तो छिन्नी लावतो. परातीएवढा सिमेंटचा पोपडा धपकन फरशीवर येतो. मागचा काळा दगड चक्क ओला आहे. मी दरजेत बोट घालतो, तर पांढरी भुकटी नखाला लागते. "लोणा," मिस्त्री म्हणतो. ऐन वैशाख आहे, पण गेल्या पावसाळ्याची ओल भिंतीतून अजून निघालेली नाही.

नेवासे तालुक्यातलं हे खेडं आणि हे मिशनचं जुनं ख्रिस्ती देऊळ. अमेरिकन मराठी मिशनची माणसं 1831 मध्ये नगरला आली आणि पुढं प्रवरा-गोदावरीच्या पट्ट्यात गावोगाव पसरली. त्या काळातल्या बांधकामाची सगळी लक्षणं इथं आहेत: हातभराहून जाड दगडी भिंती, चुन्याच्या दरजा, सागवानी कैच्या, वर मंगलोरी कौलं. मंडळी आता त्याची दुरुस्ती करतेय. पावसाळ्याच्या आत छप्पर पुरं व्हायला हवं, म्हणून सगळ्यांची घाई चालली आहे.

भिंतींवरचा सिमेंटचा गिलावा मागच्या पिढीनं हौसेनं केलेला. चुना जमिनीतली आणि पावसाची ओल हळूहळू बाहेर सोडतो. सिमेंट तिला कोंडतं. मग ती वाट काढत आत येते, येताना क्षार घेऊन येते आणि रंगाचे पापुद्रे सुटतात. त्यावर पुन्हा रंग, पुन्हा पापुद्रे, असं वर्षानुवर्षं चाललेलं. आवारात चिंचेखाली आता विरलेला चुना हौदात मुरतोय. शेजारच्या पिंपात हिरडा आणि गूळ भिजत घातलाय. बैलाची घाणी गेली, तिच्या जागी दोन जड चाकांची विजेवरची घाणी घरघरतेय. एक पोरगा त्यात वाळू आणि विटांची भुकटी टाकतोय. मिस्त्री गोळा उचलून बोटांत चोळून बघतो आणि "आजून फिरू दे" एवढंच बोलतो.

छपरावरून कौलं हातोहात खाली येतायत. एक उलटं करून बघतो. पाठीवर उठावाची अक्षरं आहेत, निम्मी झिजलेली. 'मंगलोर' तेवढं लागतं. बाझेल मिशननं 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ही कौलं पश्चिम किनाऱ्यावरून सगळीकडं गेली. फुटकी वेगळी, धड वेगळी असे ढीग लागतायत. धडांचा ढीग मोठा आहे. सुतार कैचीच्या टोकाला पटाशी टोचतो. जिथं पन्हाळ गळत होती तेवढंच लाकूड भुसभुशीत, पुढं सागवान टणक आहे. कुजका तुकडा कापून नवा जोडायचं ठरतं.

आत बाकं हलवायचं काम चाललंय. तरुण संघाची चार पोरं एक बाक उचलतात आणि दारात अडकतात. बाकांवरून मंडळीत बरीच धुसफूस झालेली दिसते. "बसायला गुडघे कुनाचे ऱ्हायलेत?" एक काका विचारतात. ओट्यावर हरभरा निवडणाऱ्या आजी तिथूनच सुनावतात, "आमच्या बारकेपनी कुटं व्हती बाकं? सतरंजीवर बसायचो. ह्या अंगाला बाया, त्या अंगाला गडी." तोड अशी निघते: म्हाताऱ्यांसाठी भिंतीकडेनं काही बाकं ठेवायची, मधली जागा मोकळी. बाकीची बाकं पॉलिश करून व्हरांड्यात.

मोकळ्या जागेत आवाजाचा प्रश्न लगेच कळतो. पाळकसाहेब मधोमध उभे राहून टाळी वाजवतात. आवाज भिंतीला धडकून परत येतो. दोन मोठे स्पीकर लावले की बोललेलं गिचमिड होतं, हा इथला जुना त्रास. आता भिंतीच्या दोन्ही अंगांनी लहान स्पीकर कमी आवाजात लावायचे आहेत, आणि वायर भिंत न खोदता वरून पाइपातून न्यायची आहे. उंच व्यासपीठही कोपऱ्यात सरकतंय. कीर्तनकाराला फिरायला जागा लागते. ख्रिस्ती कीर्तनाची परंपरा नगर जिल्ह्याला नवी नाही; ना. वा. टिळक (1861–1919) याच जिल्ह्यात राहून कीर्तनं करत. टाळ, पेटी, ढोलकी एका बाजूला, पोरांचा कीबोर्ड आणि गिटार दुसऱ्या बाजूला, अशी वाटणी खडूनं फरशीवर आखून झालीय.

खरा वाद पुढंच आहे. सोमवार ते शनिवार इथं गावच्या पोरांसाठी अभ्यासिका, महिन्यातून एकदा बचत गटाची बैठक, लसीकरणाच्या दिवशी आरोग्यसेविकेला टेबल. जात-धर्म न बघता, असा बेत आहे. "देवाच्या घरात पोलीसभरतीची पुस्तकं?" पंच कमिटीतले एक गृहस्थ चिडून विचारतात. तेवढ्यात उत्तरेच्या भिंतीचा गिलावा उतरतो आणि मिस्त्री हाक मारतो. चुन्यावर काळ्या रंगानं रंगवलेला चौकोन उघडा पडलाय, भोवती लाकडी पट्टी ठोकल्याच्या खुणा. फळा आहे तो. मिशनच्या काळी बऱ्याच गावांत आठवडाभर शाळा आणि रविवारी उपासना एकाच छताखाली चाले. शिकवणारा मास्तरच उपदेश करी. गावच्या शाळेत ज्यांना उंबऱ्याबाहेर बसवत, त्या महार-मांगांची लेकरं अशाच फळ्यांपुढं बाराखडी गिरवत. गृहस्थ बराच वेळ फळ्याकडं बघतात. "ऱ्हाऊ द्या ह्यो. पन रैवारी पुस्तकं कपाटात पायजेत," म्हणतात. त्यावर सगळे राजी होतात.

दारापुढं चाकाच्या खुर्चीसाठी उतार होतोय, मागं स्वच्छतागृह. त्याचा पाया मात्र दगडी भिंतीपासून हातभर लांब धरलाय, म्हणजे पाणी मुरणार नाही.

अशी देवळं जिल्ह्यात अनेक आहेत, आणि बरीचशी आठवड्यातले सहा दिवस कुलपात असतात. ज्यांच्याकडं असं देऊळ आहे त्यांना एवढंच सांगणं: आधी पन्हाळी आणि कौलं बघा, सिमेंटच्या पोत्याला हात लावू नका, चुन्याचं काम जाणणारा मिस्त्री शोधा. आणि कुलूप सोमवारीही उघडा. बांधली तेव्हा यांतली बरीच देवळं आठवडाभर उघडी असत.