रायफलीच्या दस्त्यासाठी अक्रोडाचे लाकूड कसे निवडतात?

मापानुसार घडवून घेतलेल्या रायफलीत सर्वप्रथम नजरेत भरतो तो तिचा लाकडी दस्ता. अमेरिका आणि युरोपात अशा रायफली घडवणारे कारागीर आजही या दस्त्यासाठी प्रामुख्याने अक्रोडाचेच लाकूड वापरतात. त्यासाठी वखारीत ठोकळा निवडायला गेलेला ग्राहक बहुधा लाकडावरची नक्षी पाहतो. अनुभवी कारागीर मात्र आधी मुठीची जागा शोधतो आणि तेथील रेषा कोणत्या दिशेने गेल्या आहेत हे तपासतो.

याला कारण आहे. गोळी सुटताच रायफलीची धातूची यंत्रणा क्षणार्धात मागे येते आणि तो सारा धक्का लाकडावर बसतो. दस्त्याचा सर्वांत बारीक भाग चापाच्या मागे, बोटे जेथे वळसा घालतात तेथे असतो. तेथील तंतू तिरके तुटलेले असतील, तर दस्ता आज ना उद्या त्याच ठिकाणी तडकतो. संग्रहालयांतील जुन्या बंदुकांच्या मुठीवर पितळेची पट्टी ठोकलेली किंवा चामडे आवळलेले दिसते, ते अनेकदा अशाच तुटलेल्या दस्त्याची डागडुजी असते.

दुसरा धोका हवेतील आर्द्रतेचा. अमेरिकेच्या मरीन कोअरने १९६६ मध्ये स्वीकारलेल्या एम-४० या रायफलीचा दस्ता अक्रोडाचा होता. व्हिएतनामच्या दमट हवेत हे दस्ते फुगू आणि वाकू लागले. लाकडाचा पुढचा भाग नळीवर दाब देऊ लागला, की नेम न बदलताही गोळी दुसरीकडे जाऊन लागते. अखेर १९७० च्या दशकात या रायफलीला फायबरग्लासचा दस्ता देण्यात आला. युद्धासाठी हा प्रश्न तेथेच सुटला. हौसेने रायफल घडवून घेणाऱ्यांनी मात्र लाकूड सोडले नाही. त्यामुळे योग्य लाकूड निवडण्याची जबाबदारीही त्यांच्याकडेच राहिली.

अक्रोडच का?

अक्रोडाचे लाकूड वजनाच्या मानाने बळकट असते, धक्का सोसते आणि पटासी कोणत्याही दिशेने चालवली तरी सहसा छिलके उडू देत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ते सुकताना तुलनेने कमी आकसते. अमेरिकेतील काळा अक्रोड ओल्या अवस्थेपासून पूर्ण कोरडा होईपर्यंत वाढीच्या कड्यांच्या दिशेने सुमारे ७.८ टक्के आणि गाभ्याकडून सालीकडे सुमारे ५.५ टक्के आकसतो. बीच या लाकडात कड्यांच्या दिशेचे हेच प्रमाण १२ टक्क्यांच्या जवळपास जाते. लांबीच्या दिशेने मात्र लाकूड जवळजवळ हलतच नाही. दस्ता वाकतो तो तंतू लांबीला समांतर नसल्यामुळे किंवा लाकूड नीट सुकले नसल्यामुळे.

दुसऱ्या महायुद्धात अक्रोडाचा पुरवठा अपुरा पडला, तेव्हा ब्रिटनने ली-एनफिल्ड रायफलीसाठी बीच आणि बर्च वापरले. ऑस्ट्रेलियाच्या लिथगो येथील कारखान्याने क्वीन्सलँड मेपल आणि कोचवुडवर काम भागवले. त्या रायफली निकामी ठरल्या नाहीत. परंतु निवडीला वाव होता तेव्हा पहिली पसंती अक्रोडालाच होती.

बाजारात फ्रेंच, इंग्लिश, तुर्की, सर्केशियन अशी भारदस्त नावे ऐकू येतात. ही सारी एकाच जातीची, म्हणजे ज्याची फळे आपण खातो त्या जुग्लान्स रेजियाची नावे असून फरक आहे तो झाड वाढलेल्या प्रदेशाचा. या लाकडाचा पोत बारीक असतो. मुठीवर पकड यावी म्हणून शंकरपाळ्यांसारख्या बारीक चौकटी कोरतात, त्या यावर तीक्ष्ण उमटतात. अमेरिकी काळ्या अक्रोडाची छिद्रे अधिक मोकळी असतात. त्यावर फार बारीक कोरीवकाम केले तर टोके झडतात. कॅलिफोर्नियातील क्लॅरो अक्रोड रंगाने देखणा असतो. तेथील बागांमध्ये स्थानिक अक्रोडाच्या बुंध्यावर खाण्याच्या अक्रोडाचे कलम बांधण्याची रीत आहे. अशा बागा जुन्या झाल्या की त्यांचे बुंधे दस्त्यांच्या वखारीत येतात.

रेषा वाचण्याचे कसब

ठोकळा साधारण ८५ ते ९० सेंटीमीटर लांब आणि सहा सेंटीमीटरच्या आसपास जाड असतो. कारागीर दस्त्याची आकृती काढलेला पारदर्शक साचा त्यावर ठेवतो आणि वर-खाली, पुढे-मागे सरकवत राहतो. उद्देश एकच असतो: मुठीचा भाग जसा मागे खाली उतरतो, तशाच रेषाही त्याच्याबरोबर उतरल्या पाहिजेत. रेषा मुठीला कापून वरून खाली निघून जात असतील, तर तो ठोकळा कितीही सुंदर असला तरी बाजूला ठेवणे शहाणपणाचे ठरते. कधीकधी साचा दोन-तीन सेंटीमीटर सरकवला की तोच ठोकळा उपयोगी ठरतो. म्हणूनच किंचित मोठा ठोकळा घेणे फायद्याचे असते.

पुढच्या भागात, म्हणजे नळीखाली, रेषा सरळ हव्यात. येथे नक्षीचा मोह नडतो. ठोकळा उभा धरून वरच्या कडेवरूनही पाहावा लागतो. तेथे रेषा एका बाजूला झुकलेल्या असतील, तर पुढे दस्ता त्या बाजूला वळून नळीला टेकण्याची शक्यता असते. ठोकळ्याच्या दोन्ही बाजू पाहिल्याशिवाय निर्णय घेऊ नये, हे वेगळे सांगायला नको. तरीही केवळ एका बाजूच्या छायाचित्रावर खरेदी करणारे कमी नाहीत.

ओंडका कसा चिरला आहे यालाही महत्त्व आहे. गाभ्याकडून सालीकडे जाणाऱ्या दिशेत चिरलेल्या फळीत रेषा सरळ दिसतात आणि ती फळी अधिक स्थिर असते. कड्यांना स्पर्श करत आडवी चिरलेली फळी वळणे आणि लाटा दाखवते. दोन्ही प्रकारांतून उत्तम दस्ते घडले आहेत. रेषांची मांडणी चांगली असेल, तर केवळ चिरण्याच्या पद्धतीवरून ठोकळा नाकारण्याचे कारण नाही.

नक्षीची जागा दस्त्याच्या मागच्या, रुंद भागात. झाडाला जेथे फांदी फुटते तेथील पिसासारखी नक्षी, बुंध्याच्या तळाजवळची संगमरवरी छटा, आडव्या पट्ट्यांची चमक हे सारे तेथे शोभते आणि तेथे ताकदीची गरजही कमी असते. कोरड्या, खरखरीत ठोकळ्यावर हे नीट दिसत नाही. स्पिरिटमध्ये भिजवलेला बोळा फिरवला की तेलाचा हात दिल्यावर लाकूड कसे दिसेल याचा अंदाज काही क्षणांत येतो. त्याच वेळी बारीक चिरा, किडीची भोके आणि बाहेरच्या फिकट लाकडाचा पट्टाही उघड होतो.

विक्रेते ठोकळ्यांना ‘निवडक’, ‘उंची’, ‘प्रदर्शनीय’ अशा प्रती लावतात. त्यांचे सर्वमान्य प्रमाण नाही आणि त्या प्रामुख्याने नक्षीवरून ठरतात. किंमत शंभर-दीडशे डॉलरपासून काही हजार डॉलरपर्यंत जाते. पण महाग ठोकळा अधिक मजबूत असेलच असे मुळीच नाही.

घाई नको

कोकणातील दारे पावसाळ्यात चौकटीत घट्ट बसतात, याचा अनुभव अनेकांना असेल. दस्त्याच्या बाबतीत केसाएवढा फरकही पुरेसा असतो. उघड्या हवेत लाकूड सुकायला जाडीच्या दर इंचाला एक वर्ष, असा ढोबळ हिशेब आहे. म्हणजे दस्त्याच्या ठोकळ्याला अडीच वर्षे तरी हवीत. आर्द्रता सहा ते दहा टक्क्यांवर आली की लाकूड कामाला योग्य मानतात. मोजणीचे यंत्र नसेल तर साधा उपाय म्हणजे ठोकळा दर महिन्याला तोलणे. वजन उतरायचे थांबले की तो त्या जागेच्या हवेशी जुळला. दोन्ही टोकांना मेण किंवा रंग लावलेला आहे का हेही पाहावे, कारण उघड्या टोकांतून ओलावा वेगाने जातो आणि चिरा तेथूनच सुरू होतात.

भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर शिकारीचा छंद कायद्याबाहेर गेला, आणि ऑलिंपिक प्रकारांतील नेमबाज आज हवे तसे जुळवता येणारे ॲल्युमिनियमचे किंवा चिकटवलेल्या थरांचे दस्ते वापरतात. तरीही या लाकडाशी भारताचा संबंध जुना आहे. श्रीनगरच्या बंदूकखार मोहल्ल्यात काश्मिरी अक्रोडाचे दस्ते लावून बारा बोअरच्या बंदुका घडवल्या गेल्या. काश्मीरचे नक्षीकाम करणारे कारागीरही मुळाजवळचे गडद लाकूड सर्वांत मोलाचे मानतात. पण ते मिळवायचे तर फळ देणारे झाड समूळ काढावे लागते, आणि खोऱ्यातील अनेक कुटुंबांचे उत्पन्न त्या फळावर अवलंबून आहे. जम्मू-काश्मीरमध्ये अक्रोड आणि चिनारासारख्या झाडांच्या तोडीवर निर्बंध घालणारा कायदा १९६९ मध्ये करण्यात आला तो याच पार्श्वभूमीवर. कोणत्याही देशातील ठोकळा घेताना झाड रीतसर तोडले गेले होते का, हा प्रश्न म्हणूनच रेषांइतकाच महत्त्वाचा आहे.

निवड झाल्यावरही काम लगेच सुरू होत नाही. ठोकळा काही आठवडे कार्यशाळेच्या हवेत ठेवतात, ढोबळ आकार देऊन पुन्हा काही काळ थांबतात. तो वाकायचा असेल तर या टप्प्यावर वाकतो, आणि सुधारणा करण्याइतके लाकूड तेव्हा शिल्लक असते. शेवटी जवसाचे किंवा टंग तेल चढवतात, तेव्हा नळीखालच्या खाचेत आणि मागच्या पट्टीआड, जेथे कोणाची नजर जात नाही तेथेही ते चोळून मुरवावे लागते. ओलावा बहुतेक वेळा तेथूनच आत शिरतो.