गरोदर बाईची सवलत आणि घरातली मशेरी

रमजानमध्ये सहरीला सारे घर उठते. सून गरोदर असेल तर तीही उठते, सर्वांना गरम चपात्या वाढते आणि पुष्कळदा कुणाला न सांगता स्वतःही रोजा धरते. वास्तविक शरीअतने तिला सवलत दिली आहे. आजारी आणि प्रवासी यांना रोजा पुढे ढकलण्याची मुभा कुरआनात आहे. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या बाईला ती हदीसने दिली. स्वतःच्या किंवा बाळाच्या जिवाला अपाय होईल अशी भीती असेल तर तिने रोजा सोडावा आणि पुढे सवडीने कजा, म्हणजे भरपाईचे रोजे, करावेत. केवळ बाळाच्या काळजीपोटी रोजा सोडला तर शाफई पंथात कजासोबत फिदियाही, म्हणजे गरिबाला अन्नदान, सांगितले आहे. कोकणातले बहुतेक मुसलमान याच पंथाचे. बारकावे मौलानांना विचारावेत, तब्येतीचे डॉक्टरांना.

पण सवलत घेतली म्हणजे बाई जेवते असे नाही. घर उपाशी असताना एकटीने ताट वाढून घ्यायची लाज वाटते. मग दिवस चहावर निघतो, सोबत एखादी खारी, आणि दातांना मशेरी. चतुर्थी आणि हरतालिकेचे उपास गरोदरपणातही न सोडणाऱ्या बाया ज्या घरांत आहेत, त्यांना हे नवे नाही.

मशेरीला तर जातधर्मच नाही. तव्यावर तंबाखू काळी होईस्तोवर भाजायची, चुरायची आणि बोटाने दातांवर घासायची. बायांच्या लेखी ते व्यसन नव्हे, दंतमंजन. डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी मुंबईत १,२१७ गरोदर स्त्रियांचा मागोवा घेतला. तो अभ्यास २००४ साली ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये आला. बिनधुराची तंबाखू वापरणाऱ्या बायांची बाळे सरासरी १०५ ग्रॅमने हलकी भरली, आणि दिवस भरण्याआधी बाळंत होण्याचे प्रमाणही त्यांच्यात जास्त होते. या तंबाखूत मुख्यतः मशेरीच होती.

खरी अडचण अशी की या सवयी एकीच्या आधाराने दुसरी उभी राहते. सरकारी दवाखान्यातून चौथ्या महिन्यापासून लोहाची गोळी मिळते, रोज एक, १८० दिवस. ती घेतली की शौचाला खडा होतो आणि रंग काळा दिसतो. बाई घाबरते. पोट साफ व्हावे म्हणून मशेरी एकदाऐवजी तीनदा लागते. मशेरीने भूक मरते, मग जेवणाऐवजी चहा. चहासोबत गोळी घेतली तर लोह अंगी लागत नाही. अशक्तपणा तसाच राहतो आणि गोळीचा काही उपयोग नाही म्हणून पाकीट फडताळात जाते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत देशातल्या निम्म्याहून अधिक गरोदर स्त्रिया रक्ताने कमी आढळल्या, त्यामागे असे गुंते किती असतील!

अशा बाईला एका दमात चार गोष्टी सोडायला सांगितल्या तर ती मान हलवते आणि पुढच्या तपासणीला येत नाही. रागावले तर लपवते. “मशेरी लावता का?” याला उत्तर बहुधा “नाही” असेच येते. जाणती आशाताई विचारते, “भाभी, मशेरी सकाळचीच होते की दुपारीही?” मग बोलणे सुरू होते. सुरुवात सोप्या टोकाने करावी: गोळी रात्री जेवणानंतर, लिंबू पिळलेल्या पाण्यासोबत, चहा त्याच्या आगेमागे दोन तास नको, पाणी आणि पालेभाजी वाढवायची. पोट सुधारले की मशेरीचे मोठे कारण गळते. दुपारची मशेरी आधी जाते, सकाळची शेवटी. निकोटिनच्या गोळ्या किंवा पट्ट्या मात्र गरोदरपणी डॉक्टरांना विचारल्याशिवाय नकोत.

एकटीने हे जमत नाही, कारण मशेरी भाजते सासू आणि पुडी आणतो नवरा. इथे रमजान कामाला येतो. तंबाखूने रोजा तुटतो, म्हणून रोजेदार सासू आणि नवरा साधारण १३ तास तिला शिवत नाहीत. घरात तवा चढत नाही, वास येत नाही. सुनेला सोडायला याहून सोपे दिवस वर्षात नाहीत, मात्र इफ्तारनंतर डबी पुन्हा बाहेर येता कामा नये. आणि दुपारचे ताट सासूनेच वाढून दिले तर सुनेला लपून खावे लागत नाही.

तंबाखू सोडण्यासाठी १८००-११-२३५६ हा मोफत क्रमांक तंबाखूच्या पाकिटावरच छापलेला असतो. दर महिन्याच्या ९ तारखेला सरकारी दवाखान्यांत पंतप्रधान सुरक्षित मातृत्व अभियानाची मोफत तपासणी असते. जाताना फडताळातले गोळ्यांचे पाकीट सोबत न्यावे. त्यात किती गोळ्या उरल्यात हे पाहिले की डॉक्टरांना निम्मी गोष्ट न विचारता कळते.