जुन्या डोझरला कोणतं तेल?

दगडखाणीत, धरणाच्या भरावावर तीस-चाळीस वर्षांपूर्वीचे चेन डोझर आजही राबताना दिसतात. यंत्र दणकट असतं, पण चुकीचं तेल त्याचा घात करतं. हे तेल भेसळीचंच असतं असंही नाही. नामांकित कंपनीचं, महागडं, नव्यात नवं तेलसुद्धा नको त्या पेटीत ओतलं की नुकसान ठरलेलं.

1991 च्या आधीचे कॅटरपिलरचे डोझर घ्या. त्यांच्या पुस्तकात गिअरबॉक्ससाठी ‘सीडी/टीओ-2’ दर्जाचं तेल सांगितलेलं असे. सीडी हा इंजिन ऑइलचा दर्जा, त्यामुळे इंजिनातलं 30 नंबर गिअरबॉक्समध्येही चालायचं. पॉवरशिफ्ट गिअरबॉक्समध्ये क्लचच्या प्लेटा तेलातच फिरतात. गिअर पडला की दाबाने त्या एकमेकींवर आवळल्या जातात आणि इंजिनाचा सगळा जोर त्यांच्या पकडीवर पुढे जातो. म्हणजे तेलाने दात्यांची आणि बेअरिंगची झीज तर थांबवायची, पण प्लेटा घसरू द्यायच्या नाहीत. पुढे इंजिन ऑइलमधली रसायनं इंजिनाच्या गरजेप्रमाणे बदलत गेली आणि प्लेटांच्या पकडीची हमी उरली नाही. म्हणून 1991 मध्ये कॅटरपिलरने गिअरबॉक्ससाठी टीओ-4 हा स्वतंत्र दर्जा आणला. जुन्या पुस्तकात हे सापडणार कसं? ‘इंजिन ऑइल चालतं’ एवढं वाचून 15डब्ल्यू-40 ओतलं जातं. प्लेटा घसरतात, तापतात, त्यांचं अस्तर जळतं आणि डोझर चढावर ओढेनासा होतो. शिवाय 15डब्ल्यू-40 मधले लांब साखळ्यांचे पॉलिमर गिअरच्या दात्यांत तुटतात आणि तेल कायमचं पातळ होतं.

फायनल ड्राइव्हची, म्हणजे चेन फिरवणाऱ्या शेवटच्या गिअरांची, चूक वेगळी. तिथे 50 नंबर सांगितलं, तर ‘90 नंबर टाका, जास्त जाड आहे’ असा सल्ला हमखास मिळतो. हे दोन आकडे एका मोजपट्टीवरचे नाहीतच. 100 अंश सेल्सियसला 90 नंबरचं गिअर ऑइल साधारण 40 ते 50 नंबरच्या इंजिन ऑइलइतकंच दाट असतं. खरा फरक रसायनात आहे. जीएल-5 दर्जाच्या गिअर ऑइलमध्ये गंधक-फॉस्फरसची संयुगं भरपूर असतात आणि तापल्यावर ती कांस्याच्या बुशांना खाऊ शकतात. काही मॉडेलांत स्टिअरिंग क्लच आणि ब्रेकही मागच्या पेटीतल्या तेलातच असतात. तिथे हे तेल मुळीच नको.

इंजिनाची चिंता त्यामानाने कमी. एप्रिल 2020 पासून देशभर मिळणाऱ्या बीएस-6 डिझेलमध्ये गंधक 10 पीपीएमपेक्षा जास्त नसतं, त्यामुळे तेलावरचा आम्लाचा भार घटला आहे. बहुतेक जुन्या फोर-स्ट्रोक इंजिनांना सीआय-4 दर्जाचं 15डब्ल्यू-40 पुरतं. मात्र जुन्या टेरेक्समध्ये टू-स्ट्रोक डेट्रॉइट डिझेल असेल, तर कमी राखेचं, सीएफ-2 दर्जाचं 40 नंबरच हवं.

डोझरमालकांनो, तेल घेण्याआधी सिरियल नंबरवरून नेमकं मॉडेल ओळखा आणि गिअरबॉक्सच्या तेलाच्या डब्यावर टीओ-4 छापलंय का ते बघा. जुना फिल्टर फेकू नका, कापून उघडा. लोखंडाचा कीस दिसला तर गिअर किंवा बेअरिंग झिजतंय, पिवळा धातू दिसला तर बुश किंवा क्लच प्लेटा. तसं काही आढळलं, तर नवं तेल भरण्याआधी पेटी उघडून घ्या.